तंगडी मुरते तेव्हा काय होते?

रविवारची दुपार आहे. पाहुणे पानावर बसण्याच्या बेतात आहेत आणि भट्टीतून नुकत्याच बाहेर आलेल्या कोंबडीच्या तंगड्यांचा वास घरभर दरवळतो आहे. सोया सॉस, आले, लसूण, मध आणि लिंबू ह्यांत त्या आदल्या रात्रीपासून मुरत होत्या. दिसायला काळ्याभोर आणि तकतकीत. पण पहिल्याच घासाला पाहुण्यांचा हात थबकतो. वरची कड करपून कडू झालेली, तिच्याखालचे मांस पिठूळ, मधला भाग अळणी, आणि हाडाजवळ तर कच्चे रक्त! घरची गृहिणी ओशाळून म्हणते, "बारा तास मुरत ठेवल्या होत्या हो!" आणि शेजारीण तिची समजूत घालते की, आणखी चार तास ठेवल्या असत्या तर असे झाले नसते.

शेजारणीचा हेतू चांगला, परंतु निदान चुकीचे. मुरत ठेवण्याचा वेळ वाढवून ह्या चार दोषांपैकी एकही दूर झाला नसता. पिठूळपणा मात्र आणखी वाढला असता. मुरत ठेवणे ही क्रिया आपल्याकडे फार जुनी असूनही तिच्याविषयी घरोघर एक समजूत रूढ आहे, ती अशी की मसाला जितका जास्त वेळ लावून ठेवावा तितका तो आत शिरतो. वस्तुतः मसाल्यातील फारच थोडे पदार्थ आत शिरतात. कोणते शिरतात, कोणते बाहेरच राहतात आणि बाहेर राहूनही कोणते काम करतात, एवढे ध्यानात आले की ही तंगडी बिघडण्याचे काही कारण उरत नाही.

आधी नावाचा घोळ मिटविणे बरे. अशा पाककृतींना हल्ली सर्रास 'आशियाई पद्धतीची' म्हणतात. इंदूर आणि हैदराबाद काही युरोपात नाहीत, तेव्हा तंदूरमध्ये भाजलेली तंगडीही आशियाईच. पण हे नाव पाश्चात्त्य स्वयंपाकघरांतून आलेले असून त्यांच्या मनात चीन, जपान, कोरिया, थायलंड, फिलिपाइन्स हा पूर्वेकडचा पट्टा असतो. तेथे दही नाही, गरम मसाला नाही. सोया सॉस किंवा माशापासून केलेला खारट रस, आले, लसूण, काही गोड आणि काही आंबट, एवढ्यावरच सारा कारभार चालतो.

ह्या पट्ट्यातही घराणी वेगळी आहेत. जपानी 'तेरीयाकी' ह्या शब्दात 'तेरी' म्हणजे तकाकी आणि 'याकी' म्हणजे भाजणे. सोया सॉस, तांदळाची दारू, 'मिरिन' नावाची गोड तांदळाची मदिरा आणि साखर आटवून तो रस भाजता भाजता पदार्थावर चढवायचा, ही मूळ रीत; आणि ती प्रामुख्याने माशांसाठी होती. जपानच्या सम्राट तेन्मूने इ.स. ६७५ मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी ह्यांचे मांस वर्षाच्या ठरावीक महिन्यांत खाण्यास मनाई केली होती. पुढे पक्ष्यांच्या बाबतीत हे बंधन पुष्कळ सैल झाले, तरी सम्राट मेइजीने १८७२ मध्ये उघडपणे गोमांस खाल्ले तेव्हा ती मोठी बातमी झाली. कोंबडीची तेरीयाकी आज जगभर ओळखली जाते, पण तिच्या तंत्रातील मुख्य गोष्ट अजूनही तीच आहे: गोड रस शेवटी चढवायचा, आधी नव्हे.

कोरियात लसूण आणि भाजलेल्या तिळांचे तेल अधिक, शिवाय मांस मऊ व्हावे म्हणून किसलेले नासपती. थायलंडच्या ईशान्येकडील भाजलेल्या कोंबडीत कोथिंबिरीची मुळे कुटून घालतात. आपण ती मुळे बहुधा फेकून देतो, ही हळहळण्याजोगी गोष्ट आहे. फिलिपाइन्समधला 'आदोबो' मात्र भाजत नाहीत. शिरका, सोया सॉस, लसूण, तमालपत्र आणि मिरी ह्यांत कोंबडी मंद आचेवर शिजवतात. शिरक्यात मांस शिजवण्याची रीत तेथे स्पॅनिश लोक येण्यापूर्वीपासून होती. नाव तेवढे स्पॅनिश भाषेतले, आणि त्याचा अर्थ मुरत घालणे.

येथे गोव्याच्या वाचकांच्या मनात एक तार छेडली जाईल, आणि ती खरीच आहे. पोर्तुगीजांच्या घरी मद्य आणि लसूण ह्यांत मांस मुरवीत, त्याला ते 'विन्य द आल्युश' म्हणत. गोव्यात मद्याच्या जागी माडाच्या सुरेचा शिरका आला, मिरची आली, आणि त्या नावाचे 'विंदालू' झाले. म्हणजे विंदालू हे मूळ कोणत्याही भाजीचे अथवा रश्शाचे नाव नसून मुरत ठेवण्याच्या मिश्रणाचे नाव आहे. त्यातील 'आलू'चा बटाट्याशी काहीही संबंध नाही, तो लसणीचा आहे. आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींच्या वाटेने आलेला 'काफ्रियाल' हाही मुरवलेल्या कोंबडीचाच प्रकार, आणि त्यात तंगड्याच सर्वांत शोभतात. तेव्हा फिलिपाइन्सच्या आदोबोला गोव्याच्या विंदालूचा दूरचा भाऊ म्हणण्यास हरकत नाही. दोघांनाही आंबटाची आणि लसणीची गोडी आहे. एकाने सोया सॉस जवळ केला, दुसऱ्याने मिरची.

आता ह्या सोया सॉसकडे वळू, कारण सारी मदार त्याच्यावर आहे. अस्सल सोया सॉस म्हणजे काळ्या रंगाचे खारे पाणी नव्हे. शिजवलेले सोयाबीन आणि भाजून भरडलेला गहू ह्यांवर एक विशिष्ट बुरशी वाढवतात. जपानी लोक तिला 'कोजी' म्हणतात, शास्त्रीय नाव 'ॲस्परगिलस ओरायझी'. मग ते सारे मिठाच्या पाण्यात कित्येक महिने आंबत ठेवतात. इडलीच्या पिठात रात्रभरात जे घडते त्याच जातीचे, पण कितीतरी संथ आणि खोल असे हे आंबणे असते. बुरशी प्रथिनांचे तुकडे करते, पिष्टाची साखर होते, आणि शेवटी गाळून काढलेल्या रसात मीठ, किंचित साखर, किंचित आंबटपणा आणि विपुल ग्लुटामेट असते. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा ह्या रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या काढ्यातून हेच ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्याच्या चवीला 'उमामी' असे नाव दिले. आपल्याकडे ज्याने सुकटीचे कालवण किंवा पिकलेल्या टोमॅटोचे सार चाखले आहे त्याला ह्या चवीची ओळख करून देण्याची गरज नाही. तिला स्वतंत्र नाव मात्र आपण दिले नव्हते. कोंबडीच्या मांसात स्वतःचे असे एक द्रव्य असते जे ग्लुटामेटशी मिळाले की ही चव दोघांच्या बेरजेहून कितीतरी अधिक वाढते. सोया सॉस आणि कोंबडी ह्यांची जोडी पूर्वेकडे इतकी जमली त्याचे एक कारण हे आहे.

सतराव्या शतकात नागासाकीजवळच्या देशिमा बेटावरून डच व्यापारी ह्या सॉसची पिंपे जहाजांतून परदेशी नेत. जपानी 'शोयु' ह्या शब्दाचे त्यांच्या तोंडी जे रूप झाले त्यावरूनच 'सोया' हा शब्द युरोपात आणि तेथून आपल्याकडे आला.

बाजारातील प्रत्येक बाटलीत मात्र हा रस असतोच असे नाही. प्रथिने आम्लात उकळून थोड्या दिवसांत तयार केलेला आणि जळक्या साखरेने काळा केलेला द्रवही ह्याच नावाने विकला जातो. बाटलीवरचा मजकूर वाचावा. घटकांत सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी एवढेच असेल तर उत्तम. रंगाचे नाव आधी आणि सोयाबीनचे मागाहून असेल तर ती बाटली दुकानातच राहू द्यावी. घरात कोणाला गहू वर्ज्य असेल त्यांनीही हा मजकूर वाचणे अगत्याचे आहे, कारण ह्या काळ्या पाण्यात गहू असेल अशी शंकासुद्धा पुष्कळांना येत नाही.

आता मूळ प्रश्न. तंगडी ह्या मिश्रणात ठेवली म्हणजे आत काय जाते? उत्तर बरेचसे एका शब्दात देता येईल: मीठ. मिठाचे कण अतिशय लहान. ते पाण्याच्या वाटेने मांसाच्या तंतूंत सावकाश झिरपत जातात आणि रात्रभरात बरेच आतवर पोचतात. तेथे ते प्रथिनांची घट्ट वीण थोडी सैल करतात, त्यामुळे आचेवर मांस आकसले तरी त्यातील पाणी कमी निसटते. मुरलेली कोंबडी रसाळ लागते ती मिठामुळे. मध, लिंबू किंवा तेल ह्यांमुळे नव्हे. लसूण, आले, तीळ ह्यांचा सुगंध मांसात फार तर काही मिलिमीटर जातो आणि थबकतो, कारण त्यातील बहुतेक द्रव्ये तेलात विरघळणारी असतात आणि मांस तर तीन चतुर्थांश पाणी. बारा तासांचे चोवीस केले तरी लसूण हाडापर्यंत पोचत नाही. पोचवायचीच असेल तर सुरी हवी. म्हणूनच तंगडीला हाडापर्यंत दोनतीन चिरा देण्याची आपल्याकडची जुनी पद्धत योग्य आहे. वाट जवळ करण्याचा तो एकच खरा उपाय.

आंबटाचे काम वेगळे. लिंबू किंवा शिरका मांसाच्या पृष्ठभागावरची प्रथिने आचेशिवायच शिजवल्यासारखी करतो. तासाभरात ह्याने चव खुलते, पण रात्रभरात तोच भाग पांढुरका आणि पिठूळ होतो. अति तेथे माती ही म्हण लिंबाच्या बाबतीत अगदी शब्दशः खरी आहे. आल्यातही मांस विरघळविणारे एक द्रव्य असते, कच्च्या पपईत तर ते विपुल असते. हैदराबादकडे कबाबाच्या मांसाला पपई लावतात ती बकऱ्याच्या चिवट मांसासाठी. कोवळ्या कोंबडीला ती लावणे म्हणजे पिकल्या केळ्याला कुटण्यासारखे आहे. म्हणून सोया सॉस, लसूण आणि थोडे आले रात्रभर चालेल, परंतु लिंबू मात्र भाजण्यापूर्वी तासभर आधी घालावे, किंवा सरळ ताटात पिळावे.

मुरत ठेवण्याच्या कीर्तीचा एक भाग खरे म्हणजे मसाल्याचा नसून विश्रांतीचा आहे, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी कोंबडी गिऱ्हाईकासमोर कापून देतात आणि ताजी म्हणून तिचे कौतुक होते. पण पक्षी मेल्यानंतर थोड्याच वेळात त्याचे स्नायू ताठरतात आणि ते पुन्हा सैल पडायला काही तास जावे लागतात. ह्या मधल्या वेळात शिजवलेली कोंबडी कितीही ताजी असली तरी चिवट लागते. सकाळी आणलेली कोंबडी मसाला लावून रात्रीपर्यंत थंड जागी ठेवली की ती मऊ होते. गृहिणी श्रेय मसाल्याला देते, आणि अर्धे श्रेय घड्याळाचे असते. नुसते मीठ चोळून ठेवली असती तरी ती बरीचशी तशीच झाली असती. दुकानात थंड करून ठेवलेली तंगडी आणली असेल तर हा काळ आधीच उलटून गेलेला असतो, मग चार तास मुरणेही पुरेसे.

तंगडीच का निवडावी, ह्याचेही कारण सांगण्यासारखे आहे. कोंबडी दिवसभर पायांवर असते, छातीचे स्नायू मात्र फारसे वापरीत नाही. चालणाऱ्या स्नायूंत रंगद्रव्य अधिक, चरबी अधिक, आणि तंतूंना बांधून ठेवणारे चिवट पापुद्रेही अधिक. छातीचे मांस ७४ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की कोरडे पडू लागते. तंगडीचे तसे नाही. ७४ अंशांना ती खाण्यास सुरक्षित होते खरी, पण खरी चव ८० ते ८५ अंशांच्या दरम्यान येते, कारण त्या उष्णतेला ते चिवट पापुद्रे विरघळून त्यांचा लुसलुशीत रस होतो. नवशिक्याला दहा मिनिटे अधिक झाली तरी तंगडी क्षमा करते, छाती करीत नाही. (चिनी खाद्यगृहांत मिळणारा 'लॉलीपॉप' तंगडीसारखा दिसतो म्हणून तो तंगडीचा असे अनेकांना वाटते, तो पंखाचा असतो.)

हाडाजवळच्या लाल रंगाबद्दलही दोन शब्द. हल्लीची कोंबडी फार कोवळ्या वयात बाजारात येते, तिची हाडे पुरती टणक झालेली नसतात आणि आचेवर त्यांतील मज्जेचा रंग बाहेर पाझरतो. त्यामुळे पुरती शिजलेली तंगडीही हाडाशी तांबूस दिसू शकते. उलटपक्षी, मांस पांढरे दिसले म्हणजे ते शिजलेच असेही नाही. रंगावर विसंबू नये. स्वयंपाकाचा तापमापक आता सहज मिळतो. तो हाडाला न टेकविता जाड भागात खुपसून पाहणे हा निर्णायक पुरावा. तो नसेल तर हाडापर्यंत चीर देऊन मांस हाडापासून सहज सुटते का आणि निघणारा रस स्वच्छ आहे का, हे पाहावे. आरंभी सांगितलेल्या घरात मात्र मांस खरोखरच कच्चे होते, कारण गोठलेल्या तंगड्या पुरत्या सुटल्या नव्हत्या आणि भट्टी फार तापविलेली होती. बाहेर करपेपर्यंत आत थंडीच होती.

करपण्याचा दोष मधाचा. मधातील फळसाखर सुमारे ११० अंशांनाच काळवंडू लागते, उसाच्या साखरेला त्यासाठी सुमारे १६० अंश लागतात. दोनशे अंशांच्या भट्टीत चाळीस मिनिटे मध ठेवणे म्हणजे तो जाळण्याचीच व्यवस्था. वास्तविक तंगडीला तपकिरी रंग येण्यास मधाची फारशी गरज नसते. लुई कामिय मायार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये जी क्रिया वर्णन केली, तिच्यात प्रथिनांचे घटक आणि साखर कोरड्या उष्णतेत एकत्र येऊन खमंग वास आणि तपकिरी रंग निर्माण करतात. भाकरीचा पापुद्रा, भाजलेला रवा, कॉफीचे दाणे, सारे त्याच क्रियेचे फळ. सोया सॉसमध्ये ते दोन्ही घटक तयार असतात. अट एवढीच की पृष्ठभाग कोरडा हवा, कारण पाणी आहे तोवर उष्णता शंभर अंशांच्या वर चढत नाही. म्हणून भट्टीत ठेवण्यापूर्वी तंगड्या मिश्रणातून काढून निथळून, कोरड्या पुसून घ्याव्यात. मसाला वाया गेला असे वाटून जीव हळहळतो, पण जे आत जायचे ते गेलेले असते.

कातडीचाही येथे विचार करावा लागतो. पूर्वेकडे कोंबडी कातडीसकट शिजवतात. तिच्याखालची चरबी वितळून मांसाला वंगण घालते आणि वरून कातडी कुरकुरीत होते. आपल्याकडे दुकानदार न विचारता कातडी सोलून टाकतो. आधी सांगितल्यास तो ती ठेवतो. कातडी असेल तर चिरा फक्त आतल्या, मांसल बाजूला द्याव्यात. कातडी नको असलेल्यांनी तेलाचा हात सढळ ठेवावा आणि पहिली वीस मिनिटे भांडे झाकावे, म्हणजे झाले.

आता प्रमाण. आठ तंगड्या, म्हणजे साधारण ९०० ग्रॅम ते १ किलो, ह्यांना ६० मि.लि. सोया सॉस पुरे. मापाचे मोठे चार चमचे. ह्याच्यामागे हिशेब आहे. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मि.लि.मध्ये, सुमारे अडीच ग्रॅम मीठ असते. चार चमच्यांचे १० ग्रॅम झाले, म्हणजे मांसाच्या वजनाच्या सुमारे एक टक्का. चांगल्या चवीला तेवढेच लागते. वरून मीठ घालण्याचा मोह आवरावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. दोन तंगड्या आणि उरलेला सर्व रस ज्याच्या ताटात गेला त्याने त्यातील अर्धा वाटा एका बैठकीत संपविला असे समजावे. घरात रक्तदाबाचे माणूस असेल तर सोया सॉस तीन चमच्यांवर आणावा, तेवढेच पाणी वाढवू नये, आणि त्यांच्या ताटात रस वाढू नये. पथ्याचे माणूस जेवणात सामील झाले पाहिजे. त्याला वेगळे अळणी ताट वाढण्यापेक्षा हे बरे.

सोया सॉसमध्ये सहा पाकळ्या लसूण ठेचून, बोटाच्या पेराएवढे आले किसून, अर्धा चमचा भरडलेली मिरी आणि एक चमचा तेल घालावे. पूर्वेकडचे तिळाचे तेल भाजलेल्या तिळांचे, आपले घाण्याचे तेल कच्च्या तिळांचे. दोघांच्या वासात जमीनअस्मानाचे अंतर. ते तेल न मिळाल्यास चमचाभर तीळ खमंग भाजून कुटून घालावेत, काम भागते. हे सारे काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात कालवावे, अ‍ॅल्युमिनियमच्या नको. भांडे झाकून शीतकपाटात चार ते बारा तास, मधून एकदा तंगड्या उलट्यासुलट्या करून ठेवावे. ओट्यावर मुरत ठेवण्याची पद्धत मात्र सोडलीच पाहिजे. कच्ची कोंबडी बाहेरच्या हवेत दोन तासांहून अधिक राहू नये, आणि उन्हाळ्यात पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. गोठलेल्या तंगड्या आदल्या रात्रीच शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात, खोलगट ताटलीत काढून ठेवाव्यात.

कोंबडी नळाखाली खळखळून धुण्याची सवय आपल्याकडे शुचिर्भूतपणाची मानली जाते. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे पोट बिघडविणारे जंतू पाण्याने जात नाहीत. ते मरतात आचेने. पाण्याचे शिंतोडे मात्र त्यांना शेजारच्या कोशिंबिरीत पोचवितात, आणि कोशिंबीर तर कोणी शिजवीत नाही. पिसे किंवा रक्त लागलेले असेल तर भांड्यात पाणी घेऊन हलक्या हाताने काढावे, तंगडी पुसून घ्यावी, आणि मोरी, विळी, हात साबणाने धुवावेत. ज्या ताटात कच्च्या तंगड्या होत्या त्यातच भाजलेल्या काढून ठेवण्याची चूक तर सणावारी, घाईगर्दीत, फार सहज घडते.

भट्टी असेल तर ती २०० अंशांना तापवावी. थाळीला फॉइल लावून तिच्यावर जाळी, जाळीवर पुसलेल्या तंगड्या. चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे लागतात. अर्ध्यात एकदा परताव्यात. मुरवून उरलेले मिश्रण दरम्यान लहान पातेल्यात घेऊन चांगले खळखळ उकळावे, कारण त्यात कच्च्या मांसाचा रस उतरलेला असतो. ते घट्ट झाले की त्यात दोन चमचे मध घालावा आणि शेवटच्या दहा मिनिटांत हा रस दोनदा तंगड्यांवर फिरवावा. मध आधी घालणे म्हणजे आधी कळस मग पाया. मधाऐवजी माडाचा गूळही चालतो. किंबहुना इंडोनेशियातील गोड सोया सॉस अशाच ताडमाडांच्या गुळाने गोड केलेला असतो, त्यामुळे गोव्याच्या स्वयंपाकघरात ही अदलाबदल परकी वाटू नये.

भट्टी नसलेल्या घरांनी निराश होण्याचे कारण नाही. किंबहुना कढईत केलेली तंगडी चुकण्याचा संभव कमी. जाड बुडाच्या कढईत थोड्या तेलावर तंगड्या सर्व बाजूंनी लालसर परतून घ्याव्यात. मग मुरवलेले मिश्रण आणि अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर पंचवीस ते तीस मिनिटे शिजू द्यावे. आदोबोची रीत ती हीच. मांस हाडापासून सुटू लागले की झाकण काढावे, आच वाढवावी, मध किंवा गूळ घालावा आणि रस आटेपर्यंत तंगड्या त्यात घोळवीत राहावे. रस बुडबुडे काढीत दाट होतो आणि तंगड्यांना चिकटतो. जपानी लोक जिला 'तेरी' म्हणतात ती तकाकी हीच. शेवटची पाच मिनिटे कढईपासून हलू नये, कारण तकाकी आणि करपणे ह्यांत तेथे अर्ध्या मिनिटाचेच अंतर असते. मिश्रणातील सारे मीठ ह्या रीतीत कढईतच राहते, म्हणून सोया सॉस तीनच चमचे घ्यावा.

उतरविल्यावर पाच मिनिटे तंगड्या तशाच राहू द्याव्यात. नंतर वरून भाजलेले तीळ, बारीक चिरलेली कांद्याची पात आणि लिंबाची फोड. सोबत मऊ, किंचित चिकट भात असावा. बासमतीपेक्षा आंबेमोहर येथे अधिक जुळतो, कारण रस धरून ठेवतो. काकडीच्या चकत्या साखर, मीठ आणि शिरक्यात दहा मिनिटे ठेवल्या की तोंडीलावणेही झाले. उरलेल्या तंगड्या दोन तासांच्या आत शीतकपाटात जाव्यात. दुसऱ्या दिवशी मांस सोडवून, कढईत खरपूस परतून मुलांच्या डब्यात पोळीच्या गुंडाळीत घातल्या तर डबा रिकामा परत येतो.